माफी मिळाली म्हणून मौनाचा हक्क जातो काय?



भारतीय राज्यघटनेच्या २० व्या कलमाच्या तिसऱ्या खंडात एक लहानसे वाक्य आहे. ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे अशा कोणत्याही व्यक्तीवर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती केली जाणार नाही, असा त्याचा आशय. गावात चोरी झाली की ज्यांच्या वस्तीची झडती आधी व्हायची, आणि चावडीवर नेऊन ज्यांच्या तोंडून हवे ते वदवून घेण्यात कोणाला गैर वाटत नसे, त्या समाजाला या वाक्याचे मोल निराळे समजावून सांगावे लागत नाही. १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत या मसुद्यावर चर्चा झाली तेव्हा मसुदा समितीच्या अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. २६ जानेवारी १९५० पासून हे वाक्य या देशातील प्रत्येक माणसाचे झाले.

परंतु आपल्याच कायद्यात दुसरीही एक तरतूद आहे. अनेकांनी मिळून केलेल्या गुन्ह्यात त्यांच्यापैकी एखाद्याला न्यायालय माफी देऊ करते. त्याने ती पत्करली की तो आरोपीच्या पिंजऱ्यातून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येतो. लोक त्याला ‘माफीचा साक्षीदार’ म्हणतात. मग प्रश्न उभा राहतो तो असा : एकदा माफी मिळाली की स्वतःला गुंतवणारे उत्तर नाकारण्याचा त्याचा हक्क उरतो काय? की माफी म्हणजे त्या हक्काची विक्री समजावयाची?

हा केवळ वकिलांच्या वादाचा विषय नव्हे. उद्या आपल्या वस्तीतील एखादा तरुण वाईट संगतीत सापडला आणि कोणी त्याला म्हणाले, ‘साक्षीदार हो, सुटशील,’ तर त्याच्या आईबापांनी काय करावे? कायदा ठाऊक नसलेला माणूस अशा वेळी एक तर भीतीने गप्प राहतो, नाही तर आशेने भलतेच बोलून जातो. दोन्ही वाटांनी त्याचा घात होऊ शकतो. म्हणून हा विषय आज सविस्तर मांडीत आहोत.

पुण्याच्या शस्त्रभांडारातून लाल किल्ल्यापर्यंत

या प्रश्नाचे उत्तम उदाहरण आपल्या पुणे शहराशीच जोडलेले आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींचा खून झाला. खुनी नथुराम गोडसे आणि त्याचा साथीदार नारायण आपटे हे पुण्यातून वृत्तपत्र चालवीत होते. याच पुण्यात दिगंबर बडगे हा ‘शस्त्रभांडार’ नावाचे दुकान चालवी. खुनाच्या दुसऱ्याच दिवशी पुण्यात त्याला अटक झाली. पुढे दिल्लीच्या लाल किल्ल्यात न्यायाधीश आत्माचरण यांच्या विशेष न्यायालयात खटला उभा राहिला, आणि जून १९४८ मध्ये बडगेला माफी देण्यात आली.

आता बडगेला शपथेवर काय सांगावे लागले ते पाहा. गनकॉटन आणि हातबॉम्ब आपणच पुरविले, हे त्याला सांगावे लागले. २० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे खुनाच्या दहा दिवस आधी, बिर्ला भवनात गांधीजींवर हल्ल्याचा जो प्रयत्न फसला, त्या वेळी आपणही तेथे होतो, हेही त्याला सांगावे लागले. यातील प्रत्येक वाक्य त्याच्या स्वतःच्या गळ्याभोवतीचा फास होता. माफी नसती तर हे सांगण्यास जगातील कोणत्याही सुधारलेल्या कायद्याने त्याला भाग पाडले नसते. माफी होती म्हणूनच, ‘याचे उत्तर देऊन मी गुंततो’ असे म्हणण्याची सोय त्याला उरली नाही.

सोय का उरली नाही, याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. मौनाचा हक्क गुपित राखण्यासाठी दिलेला नाही. आपल्याच जिभेने आपल्याला शिक्षा होऊ नये, यासाठी तो दिलेला आहे. शिक्षेचे भय कायद्यानेच काढून घेतले की त्या भयापुरती मौनाची ढाल निष्प्रयोजन होते. पावसाळा संपल्यावर छत्री ठेवून देतो, त्यात छत्री हिरावून घेतल्याचा प्रश्न येत नाही. तथापि पाऊस खरोखर संपला आहे की घटकाभर उघडीप पडली आहे, हे मात्र पाहिले पाहिजे. या लेखाचा सारा भार याच प्रश्नावर आहे.

परदेशातील दोन निकाल

इंग्लंडात १८६१ साली हा प्रश्न अगदी उघड्या स्वरूपात न्यायालयापुढे आला. निवडणुकीतील लाचलुचपतीच्या खटल्यात एका साक्षीदाराने उत्तर देण्याचे नाकारले. उत्तर दिले तर मी गुन्हेगार ठरेन, असे तो म्हणाला. तेव्हा सरकारतर्फे त्याच्या हाती राजाज्ञेचे माफीपत्रच ठेवण्यात आले. तरीही पार्लमेंट आपल्यावर महाभियोग चालवू शकेल आणि त्याविरुद्ध माफीपत्र चालणार नाही, अशी भीती त्याच्यातर्फे मांडण्यात आली. न्यायालयाने ती मानली नाही. धोका खरा आणि जाणवण्याजोगा असला पाहिजे. कल्पनेतील दूरच्या धोक्यासाठी मौन मागता येणार नाही, असे ठरले. ‘रेजिना विरुद्ध बॉयस’ या नावाने तो निकाल आजही सांगितला जातो.

अमेरिकेत १९१५ साली याची दुसरी बाजू प्रकट झाली. न्यूयॉर्क ट्रिब्यूनचे शहर संपादक बर्डिक यांना त्यांच्या पत्रातील बातमीचा उगम विचारण्यात आला. उत्तराने आपण गुंतू, असे सांगून ते गप्प राहिले. तेव्हा अध्यक्ष विल्सन यांनी त्यांना माफी देऊ केली, हेतू हा की आता तरी त्यांनी बोलावे. बर्डिक यांनी माफीच नाकारली. माफी पत्करणे म्हणजे गुन्हा ओढवून घेण्यासारखे आहे, ती कोणाच्या गळ्यात बळाने घालता येत नाही, आणि जो ती नाकारतो त्याचा मौनाचा हक्क शाबूत राहतो, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला.

हे दोन निकाल शेजारी ठेवले की तत्त्व स्पष्ट होते. नुसत्या देऊ केलेल्या माफीने हक्क जात नाही. पत्करलेल्या माफीने तो आकुंचित होतो. आणि तोही, जेवढे भय खरोखर नाहीसे झाले तेवढ्यापुरताच.

आपला कायदा काय सांगतो?

बडगेच्या वेळी १८९८ ची फौजदारी प्रक्रिया संहिता होती. तिच्या जागी १९७३ ची संहिता आली. तिची ३०६ ते ३०८ ही कलमे याच विषयाची होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली असून तीत ३४३, ३४४ आणि ३४५ ही कलमे पाहावयाची. आकडे बदलले, गाभा बदलला नाही. आपल्याला ठाऊक असलेली गुन्ह्याची सर्व हकीकत, आणि त्यात सामील असलेल्या प्रत्येकाविषयीची माहिती, पूर्णपणे व खरी सांगावी, या अटीवर माफी दिली जाते. अट हा माफीचा प्राण आहे.

या माफीची गल्लत राष्ट्रपती किंवा राज्यपाल यांच्या दयेच्या अधिकाराशी करू नये. घटनेच्या ७२ व्या आणि १६१ व्या कलमांखालील दया निराळी. येथे न्यायालय साक्षीच्या मोबदल्यात माफी देते, आणि साक्ष पुरी होईपर्यंत तिचा दोर आपल्या हाती ठेवते.

माफी पत्करलेल्या साक्षीदाराला जे प्रश्न विचारले जातात त्यांचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग, ज्या गुन्ह्यासाठी माफी मिळाली त्याच गुन्ह्याविषयीच्या प्रश्नांचा. येथे मौन चालत नाही. दिल्लीच्या एका खटल्यात माफी पत्करलेला एक जण पुढे फिरला आणि मला साक्षीदार म्हणून तपासू नका, असे म्हणू लागला. ‘जगजित सिंग’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की माफी पत्करताच तो आरोपी राहत नाही, साक्षीदार होतो. आपल्या मर्जीने त्याला पुन्हा आरोपी होता येत नाही. घटनेचे २० वे कलम ‘आरोपी’ला संरक्षण देते, आणि हा तर आता आरोपी उरलेला नाही.

दुसरा वर्ग, माफीच्या बाहेर असलेल्या इतर गुन्ह्यांवर प्रकाश पाडणाऱ्या प्रश्नांचा. समजा, एका दरोड्यात माफी मिळाली आणि साक्ष देताना दुसऱ्या चोरीचा विषय निघाला, तर काय? १८७२ च्या पुरावा कायद्याचे १३२ वे कलम, जे आता भारतीय साक्ष्य अधिनियमात १३७ वे आहे, ते सांगते की खटल्याशी संबंधित प्रश्नाचे उत्तर साक्षीदाराने दिलेच पाहिजे, आपण गुंततो ही सबब चालणार नाही. पण लगेच ते कलम त्याला कवच देते : असे भाग पाडून घेतलेले उत्तर त्याच्या अटकेचे किंवा त्याच्यावरील खटल्याचे कारण होणार नाही, आणि कोणत्याही फौजदारी कामात ते त्याच्याविरुद्ध शाबीत करता येणार नाही. अपवाद एकच, खोट्या साक्षीचा. मुंबईच्या सोन्याच्या चोरट्या व्यापारातील ‘लक्ष्मीपत चोरारिया’ खटल्यात एका साथीदार स्त्रीवर खटलाही भरला नव्हता आणि तिला माफीही दिली नव्हती. तरी तिची साक्ष ग्राह्य ठरली, आणि तिचे रक्षण याच कलमाने होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली मानले. २०१५ साली ‘आर. दिनेशकुमार’ प्रकरणात त्याच न्यायालयाने, हे कवच म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या तत्त्वाचेच एक अंग आहे आणि त्याचा अर्थ उदारपणे लावला पाहिजे, असे सांगितले.

तिसरा वर्ग सर्वांत धोक्याचा आहे. साक्षीदाराने जाणूनबुजून महत्त्वाची गोष्ट लपविली किंवा खोटी साक्ष दिली, असे सरकारी वकिलाने प्रमाणित केले की मूळ गुन्ह्यासाठी त्याच्यावर स्वतंत्र खटला चालू शकतो. खोट्या साक्षीबद्दलही तो चालू शकतो, मात्र त्याला उच्च न्यायालयाची मंजुरी लागते. आणि माफी पत्करताना न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे त्याने जे सांगितले होते, तेच त्या खटल्यात त्याच्याविरुद्ध पुराव्यात येऊ शकते! तो पुन्हा आरोपी झाला म्हणजे घटनेने दिलेला हक्क त्याला पुन्हा प्राप्त होतो हे खरे. त्या नव्या खटल्यात त्याला कोणी बोलते करू शकत नाही. पण पूर्वी बोललेला शब्द परत घेता येत नाही. कायद्याने येथे एक दिलासा ठेवला आहे : अट मोडली हे शाबीत करण्याचा भार फिर्यादी पक्षावर आहे, आरोपीवर नाही.

आमचे मत

म्हणून मूळ प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे. माफी हक्क हिरावून घेत नाही. ती हक्काच्या जागी दुसरे संरक्षण ठेवते. हा बदल न्याय्य कधी? जेवढे काढून घेतले तेवढेच, किंवा त्याहून अधिक, हाती दिले तरच. जेथे दिलेले संरक्षण काढून घेतलेल्या मौनापेक्षा तोकडे पडते, तेथे साक्षीदाराची हरकत न्यायालयाने ऐकलीच पाहिजे.

आणि ते कोठे तोकडे पडते, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. आपले कलम ‘उत्तरा’ला संरक्षण देते. त्या उत्तराचा माग काढीत पोलिसांनी दुसरा पुरावा गोळा केला तर त्याचे काय, हे कलमाच्या शब्दांत सांगितलेले नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली ‘कास्टिगर’ खटल्यात ठरविले की सक्तीने घेतलेली साक्ष आणि तिच्या आधाराने मिळविलेला पुरावा, दोन्ही साक्षीदाराविरुद्ध वापरता येत नाहीत. आपल्याकडेही कायद्याच्या शब्दांतच एवढी स्पष्टता असावी, अशी आमची मागणी आहे. श्रीमंत साक्षीदाराचा वकील हे मुद्दे प्रत्येक पायरीवर मांडील. गरिबासाठी ते कायद्यातच लिहिलेले असले पाहिजेत.

कोणी म्हणतील, गुन्हेगाराची एवढी काळजी कशाला? त्यांना आम्ही उलट विचारतो : माफीच्या साक्षीदाराच्या जिभेवर दुसऱ्यांचे प्राण टांगलेले असतात, याचा विचार केला आहे काय? जो स्वतःची सुटका विकत घेत आहे, तो दुसऱ्याचे नाव गोवण्यास मागेपुढे पाहील काय? यासाठीच साथीदाराच्या साक्षीला स्वतंत्र पुराव्याचा दुजोरा मागण्याची रीत आहे. लाल किल्ल्याच्या खटल्यात न्यायाधीशांनी बडगेच्या साक्षीवर बराच विश्वास ठेवला, तरीही वि. दा. सावरकर यांच्यापुरती तीवर निष्कर्ष उभारणे धोक्याचे मानून १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालात त्यांना निर्दोष सोडले. बडगेचा नोकर शंकर किस्तय्या याला तेथे शिक्षा झाली होती, पण अपिलात तोही सुटला. पुण्यातच १९७६-७७ साली जोशी-अभ्यंकर कुटुंबांचे जे भीषण खून झाले, त्या खटल्यातही टोळीचा एक सोबती माफीचा साक्षीदार होता. चौघा आरोपींना १९८३ साली येरवड्याच्या कारागृहात फाशी झाली. माफीच्या साक्षीचे वजन किती असू शकते, हे यावरून ध्यानात यावे. अलीकडच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने तर दुजोऱ्याचा शब्द कलमातच घातला आहे. मौनाचा हक्क आणि दुजोऱ्याची रीत या दोन्ही गोष्टी निरपराध्याचे रक्षण करतात, हे विसरता कामा नये.

आणखी एक शंका आपल्यापैकी अनेकांच्या मनात येईल. आपण पंचशील घेतले आहे. मृषावादापासून दूर राहण्याचे व्रत घेतले आहे. मग मौनाचा हक्क मागणे त्याच्याशी विसंगत नाही काय? आम्हाला तसे वाटत नाही. खोटे बोलणे निराळे आणि सक्तीपुढे न बोलणे निराळे. जो शपथेवर उभा राहिला त्याने खरेच सांगितले पाहिजे. शीलही तेच सांगते आणि माफीची अटही तीच आहे. परंतु शपथ घ्यावी की नाही, माफी पत्करावी की नाही, हे ठरविण्याची वेळ त्याच्या आधीची. खरा हक्क त्या क्षणी बजावावयाचा असतो. माफी पत्करून मग अर्धे सांगणे आणि अर्धे लपविणे, हा मार्ग शीलाच्याही विरुद्ध आहे आणि शहाणपणाच्याही.

प्रत्येक घराने ध्यानात ठेवावे

माफी देण्याचा अधिकार पोलिसांना नाही. चौकीत दिलेले ‘सोडून देतो’ हे आश्वासन कायद्याच्या दृष्टीने कवडीमोल आहे. माफी न्यायदंडाधिकारी देतात, आणि खटला सत्र न्यायालयाकडे गेल्यावर ते न्यायालय देते. ती देण्याची कारणे न्यायदंडाधिकाऱ्यांना लिहून ठेवावी लागतात, आणि समोरच्याने ती पत्करली की नाही याचीही नोंद होते.

माफी नाकारता येते. नाकारणे हा गुन्हा नाही.

माफी म्हणजे तात्काळ सुटका नव्हे. आधीच जामिनावर नसेल तर साक्षीदाराला खटला संपेपर्यंत कोठडीतच राहावे लागते. घरच्यांनी हे आधी जाणावे, म्हणजे पुढे फसविले गेल्याची भावना होणार नाही.

माफी कोणत्या गुन्ह्यापुरती आहे, हे लेखी पाहावे. एका देशाच्या न्यायालयाची माफी दुसऱ्या देशाला बांधत नाही, हेही समजून घ्यावे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या प्रकरणात मुंबईच्या सत्र न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये डेव्हिड हेडलीला माफी दिली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याची साक्ष दूरचित्र यंत्रणेने झाली. पण अमेरिकेच्या न्यायालयाने दिलेली पस्तीस वर्षांची शिक्षा त्याच्या माथी होतीच.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वकिलाशी बोलल्यावाचून हो म्हणू नये आणि नाहीही म्हणू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जातींच्या व्यक्तींना, स्त्रियांना आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांनाही त्या यादीत स्थान मिळाले आहे. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा, किंवा १५१०० या क्रमांकावर विचारणा करावी. हे दान नव्हे, हा कायद्याने दिलेला अधिकार आहे.

बंधुभगिनींनो, हक्क कागदावर असतो तोवर तो कोणाच्याही उपयोगाचा नसतो. तो कधी मागावयाचा, कोणत्या शब्दांत मागावयाचा, आणि कोणत्या क्षणी तो हातचा निसटतो, हे ज्याला कळते त्याचाच तो होतो. ज्यांना शतकानुशतके बोलण्याचीच बंदी होती त्यांना आज राज्यघटनेने बोलण्याचा आणि न बोलण्याचा, असे दोन्ही अधिकार दिले आहेत. त्यांपैकी दुसरा अधिकारही पहिल्याइतकाच जपून वापरा. आपल्या मुलाबाळांना तो समजावून सांगा, वस्तीच्या सभेत त्याची चर्चा करा, आणि भय किंवा लालूच यांपैकी कशाच्याही दडपणाखाली आपल्या शब्दाचा सौदा होऊ देऊ नका.